वीस अंकी संयुक्त संख्या कागदावर कशी उलगडावी

शाळेत आपण अवयव पाडायला शिकतो ते ३६० किंवा ९२४ अशा संख्यांचे. दोनाने भाग जातो का, तिनाने जातो का, असे पाहत गेले की पाच मिनिटांत उत्तर हाती येते. पण समोर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ अशी संख्या आली की बहुतेक जण पेन खाली ठेवतात आणि हे काम संगणकाचे आहे असे म्हणून मोकळे होतात. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. ही एकच संख्या घेऊन तिचे मूळ अवयव, विभाजकांची गणती, विभाजकांची बेरीज आणि आणखी काही गुणधर्म कागद-पेनाने कसे काढता येतात, ते इथे क्रमाने दाखवले आहे. दहावीपर्यंतचे बीजगणित आणि भागाकारातील बाकी काढण्याची सवय एवढ्या शिदोरीवर हे सारे जमते. घातांक दाखवण्यासाठी लेखात ^ हे चिन्ह वापरले आहे, म्हणजे २^५ याचा अर्थ ३२.

संख्या आधी नीट लिहून घ्या

ही संख्या म्हणजे २^६४ − १. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून जेवढे दाणे होतात, तेवढीच ती आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल् बिरुनीने ही बेरीज अंकांत काढून ठेवली होती. दुपटीच्या अशा श्रेढीचे उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आहे. तिथे पहिल्या दिवशी दोन कवड्या देणारा दाता रोज दान दुप्पट करत जातो आणि महिन्याअखेर त्याच्या कवड्या २१४७४८३६४६ भरतात.

२^६४ काढण्यासाठी दोनाला चौसष्ट वेळा गुणत बसण्याची गरज नाही. घातांक सम असेल तर तो निम्मा करून नंतर वर्ग करायचा आणि विषम असेल तर एक वजा करून नंतर दुप्पट करायची, ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून आपल्याकडे माहीत आहे. ६४ ही स्वतःच दोनाचा सहावा घात असल्यामुळे इथे फक्त सहा वर्ग करावे लागतात: २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६ आणि शेवटी त्याचा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटचा वर्ग हाताने करायला जरा वेळ लागतो, पण तो एकदा करून पाहावाच, कारण पुढच्या साऱ्या कामाची खातरी त्यावर अवलंबून आहे.

त्यातून एक वजा करून आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. असे गट पाडून लिहिणे ही औपचारिकता नव्हे. मी एकदा ही संख्या सलग उतरवताना ९५५ मधला एक ५ गाळला होता आणि पुढे अर्धा तास चुकीच्या संख्येला भागत बसलो होतो. भास्कराचार्यांनी दिलेल्या अठरा स्थानांच्या यादीत शेवटचे नाव परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्ये, हे आहे. आपली संख्या वीस अंकी असल्याने ती त्या यादीच्या पलीकडे जाते आणि तिला १८४ परार्धांहून थोडी अधिक असेच म्हणावे लागते.

नवख्यांना संगणकाबद्दल एक सूचना इथेच द्यायला हवी. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये संख्येचे पहिले पंधरा अंकच टिकतात. तिथे ही संख्या टाकली की शेवटचे पाच अंक शून्य होतात आणि त्यानंतरची प्रत्येक बाकी चुकीची येते. संगणकात दशांशचिन्हाच्या संख्या साठवण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, तीत २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्याच पूर्णांकांची हमी असते. त्यापुढे शेजारच्या दोन संख्या एकच समजल्या जाऊ शकतात, आणि आपली संख्या तर तिथे सरळ २^६४ होऊन बसते. पायथॉनसारख्या भाषेत पूर्णांक कितीही मोठे चालतात, त्यामुळे पडताळ्यासाठी तीच बरी.

सोप्या कसोट्या आधी लावा

शेवटचा अंक ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही. ११ च्या कसोटीसाठी उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत आणि वजा करत गेल्यास ३७ मिळतात आणि ३७ ला ११ ने भागून बाकी ४ राहते, म्हणजे ११ बाद.

७ आणि १३ साठी अंकांशी झटापट करण्यापेक्षा घातांकांशी बोलणे सोपे. २^३ म्हणजे ८ आणि ८ ला ७ ने भागून बाकी १ उरते. म्हणून घातांकातून तीन-तीन काढून टाकले तरी बाकी बदलत नाही. ६४ मधून ६३ गेले, १ उरला, म्हणजे २^६४ ची बाकी २ आणि आपल्या संख्येची १. तेरासाठी हेच काम बारा-बाराच्या गटांनी होते: ६४ मधून ६० गेले, २^४ म्हणजे १६, त्याची बाकी ३, वजा एक म्हणजे २. सात आणि तेरा दोन्ही बाद. हा प्रकार नीट अंगवळणी पाडून घ्यावा. मोठ्या संख्येला प्रत्यक्ष न भागता तिची बाकी काढणे हेच या सगळ्या विद्येचे मुख्य हत्यार आहे.

आता भागणे थांबवा आणि रूप पाहा

इथपर्यंत आलेला माणूस सवयीने १७, १९, २३ असे पुढे सरकत जातो. तसे केले तर चुकत काही नाही, पण या वाटेने जायचे तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंतच्या मूळ संख्या तपासण्याची तयारी हवी. संख्येचा आकार पाहून घाबरण्यापेक्षा तिची घडण पाहावी, असे माझे मत आहे, आणि त्याला या संख्येइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

२^६४ हा २^३२ चा वर्ग आहे आणि १ हा १ चा. म्हणजे आपली संख्या दोन वर्गांचा फरक आहे, आणि अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र आठवीतले. त्यावरून लगेच २^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १) असे दोन अवयव पडतात. त्यांतला दुसरा कंस पुन्हा वर्गांचा फरक आहे. तोही फोडला की २^१६ + १ आणि २^१६ − १ मिळतात. असे करत शेवटपर्यंत गेल्यास संपूर्ण संख्या सहा कंसांचा गुणाकार म्हणून उभी राहते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सहा ओळींत वीस अंकी संख्येतली मोठी गाठ सुटली, आणि एकही लांब भागाकार करावा लागला नाही. घातांक ६४ हा पूर्णपणे दोनांचाच बनलेला असल्याने हे इतके सहज झाले. घातांक संयुक्त असला की २^घातांक − १ या रूपाची संख्या नेहमीच अशी फुटते, कारण अ ने ब ला भाग जात असेल तर २^अ − १ ने २^ब − १ ला भाग जातो.

घातांक मूळ असेल तर मात्र ही सोय उरत नाही. आपल्या संख्येहून जेमतेम आठपट मोठी असलेली २^६७ − १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, हिचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ही संख्या संयुक्त आहे असे एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही. तो १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यावर मांडला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. एक संख्या दहा मिनिटांत फुटते आणि तिच्या जवळपासच्या आकाराची दुसरी सत्तावीस वर्षे दाद देत नाही, असा हा प्रकार आहे.

सहावा कंस: ४२९४९६७२९७

२^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ या सगळ्या मूळ संख्या निघतात हे पाहून फर्माने सतराव्या शतकात असा अंदाज केला होता की घातांक दुपटीने वाढत जाणाऱ्या अशा साऱ्या संख्या मूळच असाव्यात. पुढची संख्या म्हणजेच आपला सहावा कंस, २^३२ + १. १७३२ मध्ये ऑयलरने तो फोडून दाखवला आणि अंदाज कोसळला. त्याची रीत कळली की तुम्हालाही ती वापरता येते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ची विभाजक आहे. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी प − १ उरते, दुसऱ्या शब्दांत −१, आणि त्याचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. दोनाच्या ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ येते, त्याच्या घातांकाने ६४ ला भाग गेलाच पाहिजे, पण ३२ ला जाता कामा नये. असा घातांक एकच, तो म्हणजे ६४ स्वतः. दुसरीकडे, फर्माच्याच एका सिद्धांतानुसार प ही विषम मूळ संख्या असेल तर २^(प − १) ची बाकी नेहमी १ असते. म्हणून ६४ ने प − १ ला भाग गेला पाहिजे. याचा अर्थ प चे रूप ६४क + १ असेच असणार, दुसरे असू शकत नाही.

आता या रूपाच्या संख्या क्रमाने लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. उरल्या पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. कोट्यवधी संख्यांची चाळण पाचावर आली. ल्यूकाने १८७८ मध्ये हे रूप आणखी घट्ट करून विभाजक १२८क + १ असाच असतो हे दाखवले. ते मान्य केले तर यादीत फक्त २५७ आणि ६४१ राहतात. २५७ हा स्वतः आधीचा एक कंस आहे आणि या कंसांपैकी कोणत्याही दोहोंना सामाईक विभाजक नसतो, म्हणून तोही जातो. उरतो एकटा ६४१.

तपासण्यासाठी दहा अंकी संख्येला भागू नका, बाक्यांचे वर्ग करत चला. २^८ म्हणजे २५६. त्याचा वर्ग ६५५३६, ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, बाकी ६४०. म्हणजे २^३२ ची बाकी ६४०, तीत १ मिळवला की ६४१, आणि भाग पूर्ण जातो. याचीच याहून देखणी सिद्धता अशी की ६४१ ही ५ × २^७ + १ आहे आणि तीच ५^४ + २^४ ही आहे. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो, आणि −२^३२ ची बाकी १ मिळते. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. इथे भागाकार मुळात केलाच नाही.

भागाकार केला की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ मिळते.

एक सापळाही सांगून ठेवतो. एखादी संख्या न मूळ असण्याची शक्यता पाहण्यासाठी २^(न − १) ची बाकी १ येते का, हे तपासण्याची पद्धत प्रचलित आहे. ४२९४९६७२९७ ही संख्या या कसोटीला उतरते, आणि तरीही ती मूळ नाही. कारण वर आलेच आहे: २^६४ ची बाकी १ आहे आणि न − १ म्हणजे २^३२ ला ६४ ने भाग जातो. पाया २ ऐवजी ३ घेतला की खोटे लगेच उघडे पडते. म्हणून ही कसोटी एकाच पायाने लावून कधीही निर्धास्त होऊ नये, आणि संख्या दोनाच्या घातांवरूनच तयार झाली असेल तर पाया २ मुळीच वापरू नये.

उरलेले अवयव मूळ आहेत कशावरून?

नवखे लोक ही पायरी हमखास गाळतात. अवयव पाडले, पण तुकडे आणखी फुटत नाहीत याचा पुरावा दिला नाही, तर काम अर्धेच झाले. ३, ५, १७, २५७ आणि ६४१ लहान आहेत, ते पाठ्यपुस्तकातल्या रीतीने तपासता येतात. प्रश्न ६५५३७ आणि ६७००४१७ यांचा.

६५५३७ म्हणजे २^१६ + १. मघाचाच युक्तिवाद इथे लावल्यास तिचा विभाजक ल्यूकाच्या नियमानुसार ६४क + १ या रूपाचा असणार, आणि वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे असल्याने त्यापलीकडे पाहायचे कारण नाही. अशी मूळ संख्या एकच, १९३. तिने भागल्यास बाकी ११० राहते. एका भागाकारात ६५५३७ मूळ ठरली.

६७००४१७ चा प्रत्येक विभाजक २^३२ + १ चाही विभाजक असल्याने त्याचे रूप १२८क + १ असलेच पाहिजे. तिचे वर्गमूळ सुमारे २५८८. तिथपर्यंत या रूपाच्या वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या पाचच मूळ आहेत. भागाकार करून पाहा: २५७ ने बाकी १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४ आणि १४०९ ने ६२२. कुठेही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. एरवी या कामाला पावणेचारशे मूळ संख्यांनी भागावे लागले असते.

तेव्हा संपूर्ण उत्तर असे:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

अवयवांवरून पुढचे गुणधर्म

मूळ अवयव हाती आले की बाकीचे बरेच गुणधर्म तोंडी हिशेबासारखे निघतात. सातही मूळ संख्या एकेकदाच आल्या आहेत, म्हणून या संख्येला एकाहून मोठ्या कोणत्याही वर्गाने भाग जात नाही. विभाजक बनवताना प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनच पर्याय असतात, त्यामुळे एकूण विभाजक २^७ म्हणजे १२८. त्यांच्या चौसष्ट जोड्या लागतात, आणि सर्वांत जवळची जोडी ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७ ही आहे. फक्त दोनाचे अंतर असलेले हे दोन विभाजक म्हणजे आपण पहिल्याच पायरीत सूत्राने वेगळे केलेले दोन कंस.

सगळ्या विभाजकांची बेरीज (३ + १)(५ + १)(१७ + १)(२५७ + १)(६४१ + १)(६५५३७ + १)(६७००४१७ + १) एवढी होते, कारण हे कंस सोडवले की प्रत्येक विभाजक नेमका एकदा येतो. या बेरजेला आपल्या संख्येने भागले तर सुमारे १.७०३ येतात. परिपूर्ण संख्येत हे गुणोत्तर बरोबर २ असते, ६ आणि २८ ची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. इथे ते २ हून कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या. गुणोत्तराचा बहुतेक भाग ३ आणि ५ यांच्याकडूनच येतो, कारण दोघांचे मिळून १.६ होतात. मोठे अवयव बेरजेत जवळजवळ भर घालत नाहीत.

एकापासून या संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या आहेत, तेही असेच निघते. प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा करून गुणाकार करायचा: २ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५५३६ × ६७००४१६. उत्तर ९२०८९८१६२८६७०४४३५२०, म्हणजे शेकडा ४९.९२. निम्म्याच्या इतके जवळ हे उत्तर योगायोगाने येत नाही. पहिल्या पाच कंसांचा गुणाकार २^३२ − १ आहे आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या बरोबर २^३१ आहेत. हा नेटकेपणा ६४१ ने बिघडवला.

त्याच पाच मूळ संख्यांचे भूमितीतही काम आहे. केवळ पट्टी आणि कंपासने कोणते सुसम बहुभुज काढता येतात या प्रश्नावर गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवून नवी वाट उघडली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती या प्रकारच्या निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. अशा आजवर माहीत असलेल्या मूळ संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ एवढ्याच आहेत, त्यामुळे काढता येणाऱ्या विषमबाजू बहुभुजांच्या बाजूंच्या माहीत असलेल्या सर्व संख्या आपल्या संख्येच्या विभाजकांत सापडतात. ६४१ बाजूंचा बहुभुज मात्र काढता येत नाही.

ल्यूकाचे नाव वर आलेच आहे. १८८३ मध्ये त्यानेच हनोईच्या मनोऱ्याचे कोडे प्रसिद्ध केले. काशीच्या मंदिरात पुजारी चौसष्ट सुवर्णचकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवत आहेत, अशी त्या कोड्याला जोडलेली कथा आहे, आणि लागणाऱ्या खेळ्या बरोबर २^६४ − १. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील.

अंकांवरून दिसणारे गुणधर्म

आतापर्यंतचे गुणधर्म संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तेच राहतात. दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे दिसणारे गुणधर्म वेगळे असतात. गणिताच्या दृष्टीने ते वरवरचे आहेत असे काही जण म्हणतात, पण ते काढताना संख्येशी जी ओळख होते ती मला मोलाची वाटते. महाराष्ट्रात हा विषय निघाला की देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची आठवण होतेच. त्यांनी अशा संख्यांना नावे दिली आणि त्यांचे नियम शोधले.

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. तिनाने भाग जातो, पण २९ ने भागल्यास बाकी २३ उरते. म्हणून ही संख्या हर्षद नाही.

दुसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा जनक मुळीच नसतो, ती स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे का? जनक शोधताना पहिले सतरा अंक १८४४६७४४०७३७०९५५१ हे बदलणार नाहीत, कारण बेरीज लहान आहे आणि ती शेवटच्या तीन अंकांतच खपते. या सतरा अंकांची बेरीज ७५. म्हणून जनकाच्या अंकांची एकूण बेरीज ७५ ते १०२ यांच्या दरम्यानच असेल. शिवाय ९ ने भागल्यावर आपल्या संख्येची बाकी ६ येते, आणि संख्येची व तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच असते. तेव्हा त्या बेरजेच्या दुपटीची बाकी ६ आणि बेरजेची ३ असायला हवी. उमेदवार उरतात ७५, ८४, ९३ आणि १०२. ६१५ मधून ८४ वजा केल्यास ५३१ राहतात, त्यांच्या अंकांची बेरीज ९, आणि ७५ + ९ = ८४. जुळले! बाकीचे तीन जुळत नाहीत. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही आणि १८४४६७४४०७३७०९५५१५३१ हा तिचा एकुलता एक जनक आहे.

पडताळा घ्या, मग शेजारी पाहा

सात अवयवांचा गुणाकार पूर्ण करून पाहण्याआधी ९ आणि ११ च्या बाक्यांनी पडताळा घ्यावा. ९ ने भागल्यास सात अवयवांच्या बाक्या ३, ५, ८, ५, २, ८, ७. त्यांचा गुणाकार करत आणि बाकी काढत गेल्यास शेवटी ६ येतात, आणि ८७ ची बाकीही ६ आहे. ११ ने भागल्यास बाक्या ३, ५, ६, ४, ३, १०, ९ आणि शेवटी ४, जी सुरुवातीला ३७ वरून आली होती. नवाच्या पडताळ्यात दोन अंकांची अदलाबदल लपून जाते. अकराच्या पडताळ्यात शेजारचे अंक उलटे पडलेले लगेच कळते. म्हणून दोन्ही पडताळे करावेत.

हे सगळे जमले की सरावासाठी फार लांब जायला नको. आपल्या संख्येत १ मिळवला की २^६४ येतो, त्यात दोनाखेरीज काही नाही. २ मिळवले की १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १. हा सातवा कंस, आणि २^१२८ − १ उलगडताना तो आडवा येतो. तिचा विभाजक २५६क + १ या रूपाचा असणार हे आता तुम्ही स्वतः सांगू शकता. १८८० मध्ये लांद्री या फ्रेंच गृहस्थाने, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचे अवयव प्रसिद्ध केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. पहिल्या अवयवात क ची किंमत १०७१ आहे. २७४१७७ ने भाग खरोखर जातो हे पाहण्यासाठी ६५५३६ पासून सुरुवात करून बाक्यांचे दोन वर्ग करायचे आहेत, तेवढे कागदावर करून पाहा.